माटोळीचे पेरू

इब्रामपूर,
मंगळवार, २७ ऑगस्ट २०१९

चि. सौ. सुप्रिया हिला सासूचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरी आहोत. बरी म्हणजे गाय व्याली, पाडी झाली, माझी साखर दोनशेच्या वर, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तुझी, प्रज्योतची आणि तुझ्या आईची खुशाली कळव. कळव म्हणते, पण तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. चंदगडला फोन लावला की प्रज्योतच उचलतो. "सुप्रिया खंय?" विचारलं की म्हणतो, "झोपली आहे." सकाळी अकराला कोण झोपतं? मी काही दूधखुळी नाही.

म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शिकले, तीही मास्तरांनी ढकलून पास केली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझा भाऊ संतोष तुयेच्या कारखान्यातून शनिवारी गणपतीला घरी निघेल, त्याच्याकडे देते. त्याला बजावलं आहे, प्रज्योतच्या नाही, तुझ्याच हातात द्यायचं.

आधी एक काम. तुझा ओव्हन इथेच राहिला. त्यात मी त्या ओट्सच्या वड्या करायला बघते आहे, तू करायचीस त्या, मधे फळ आणि वर चुरा. जमत नाहीत. पहिल्या खेपेला फळ नीट आटवलं नाही, खालचा थर भिजून पेज झाली. दुसऱ्या खेपेला वरचा चुरा थापून थापून बसवला, आपल्या खोबऱ्याच्या वडीसारखा. कौल झालं. शेजारची शांता म्हणाली, "कमलाक्षी, गोठ्यावर घाल, गळता थांबात." तिसऱ्या खेपेला जमल्या होत्या, वास तुझ्या वड्यांचाच, पण बाहेर काढल्याबरोबर सुरी घातली आणि सगळ्या मोडल्या. तू म्हणायचीस, "आई, निवू दे की. गरम असताना सुरी लावायची नाही." मला निवायची वाट बघणं कधी जमलंय?

तूप पातळ घालायचं की थिजलेलं, तेवढं कळव. ओव्हनच्या बटणावर तू नखाच्या रंगाने खूण केली होतीस, ती अजून आहे. मी तिथपर्यंतच फिरवते.

उरलेलं उद्या लिहिते. हात दुखतो.

बुधवार

हात दुखत नव्हता. लिहायचं टाळलं.

रविवारी फोनवर प्रज्योत बोलून गेला. तुला चौथा महिना लागला. आनंद झाला असं लिहिणार होते, पण त्याने पुढचंही सांगितलं. तू फळाला हात लावत नाहीस. केळं नाही, चिकू नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरी नाही. ताटात ठेवलं तर उठून जातेस. म्हणतेस, मी एकदा देवाचं खाल्लं, देवानं नेलं, आता पुन्हा नेईल.

सुप्रिया, ते बोलणं तुझं नाही. माझं आहे. दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून मी शांताला तसं म्हटलं होतं. तुझी खाट आत खिडकीला लागून होती. जनेल उघडं होतं. मला दिसत होतं उघडं आहे ते.

आता पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मधे पळता येणार नाही.

तुमच्या चंदगडला माटोळी नसते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, रानातलं नि परसातलं फळ न फळ तिला बांधायचं, आणि विसर्जन होईपर्यंत त्यातलं काही तोंडात घालायचं नाही, हे तुला कुठून ठाऊक असणार? आमच्या घरात मधल्या खिळ्याला परसातल्या झाडाचे पहिले पेरू लागतात, डहाळीसकट. तुझ्या सासऱ्यांनी ते झाड लावलं तेव्हापासूनचं आहे. हे तुला मी सांगायचं होतं. तू येऊन सात महिने झाले होते आणि घाटीण म्हणण्यापलीकडे मी तुला काही दिलं नव्हतं.

मला साखर झाली. डॉक्टरने ओट्स सांगितले. तू सकाळी शिजवून दिलेस, मी म्हटलं, गुरांचं मला घालू नकोस. मग तू स्वतःच्या पगारातून ओव्हन आणलास, मोबाइलवर बघून वड्या शिकलीस. म्हातारी गोडाला हपापलेली, अशी तरी ओट्स खाईल म्हणून. ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं आता म्हणणार नाही.

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी चुलीपुढे नेवऱ्या तळत होते. तू मागून विचारलंस, "आई, या टोपलीतले पेरू पिकलेत, वास सुटलाय. काय करू?" मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "पिकलेत तर वापरून टाक, माझं डोकं खाऊ नको." त्या दिवशी घरात दुसरे पेरू नव्हते. माटोळीचा हारा कोपऱ्यात ठेवलेला, मीच ठेवलेला. मला वळून बघायचा कंटाळा आला, एवढंच झालं.

तू ते शिजवलेस, बिया गाळल्यास, पेरूच्या वडीचं पेराड करतात तसा गर आटवलास. दुपारी सदाशिव चौकट बांधायला आला. माझा दीर, तुझ्या सासऱ्यांच्या मागे या घरात माटोळीचा मान त्याचा. म्हणाला, "वयनी, पेरू खंय?" तू माझ्याकडे बघितलंस. त्याची बायको, शांता, सगळी उभी होती.

मी म्हटलं, "माका कित्याक इचारतस? हिका इचार."

तुझ्या ओठांवर आलं होतं, आईंनीच सांगितलं. मी बघितलं ते. तू गिळलंस. म्हणालीस, "चुकलं माझं." मग मी तावातावाने ते ताट उचललं आणि वड्या गाईच्या घमेल्यात ओतल्या. एक तुकडा तू चाखला होतास, मीठमसाला बघतात तसा, मला द्यायच्या आधी. तेवढंच तुझं देवाचं खाणं.

आम्ही सगळी आत बोलत राहिलो. तू एकटी परसात गेलीस. वरच्या फांदीला दोन कच्चे राहिले होते. पाचव्या महिन्यात ओल्या दगडी गडग्यावर चढलीस. शेवाळ होतं.

पुढचं तुला मी काय सांगू. तुलाच ठाऊक.

प्रज्योतलाही तू सांगितलं नाहीस. एका वर्षात एकदाही नाही. सांगितलं असतंस तर तो माझ्याशी बोलला नसता, आणि बोलतो त्यावरून मला कळतं की तू अजून गप्प आहेस. तू त्याला माझ्यापासून तोडला नाहीस. मी रविवारी तेवढ्या फोनची वाट बघते, ती तुझ्या जिवावर.

शुक्रवार

आज सकाळी सदाशिव चौकट धुवायला आला. मी त्याची बायको आणि शांता दोघींना हाक मारली. उभ्याउभ्याच सांगितलं. पेरू मीच वापरायला लावले, तिने विचारलं होतं, मी होय म्हटलं, आणि मग तिच्यावर ढकललं.

सदाशिव जुना काथा सोडवत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "वरस लागला वयनी सांगूक?"

त्याने विचारलं तसंच इथे उतरवलं.

मग मी परसात गेले. यंदाचे पहिले पेरू डहाळीला सहा होते, मी गेले पंधरा दिवस फडकं बांधून राखलेले. सदाशिव मागे आला, म्हणाला, "वयनी, ते देवाचे." म्हटलं, "म्हणूनच." त्याच्यासमोर तोडले. त्याच्यासमोर चिरले.

गर आटवला. ओट्स जाडसर दळले, गूळ कमी घातला, तूप थिजलेलंच घातलं, अंदाजाने. अर्धा चुरा खाली दाबला, वरचा नुसता भुरभुरला, हात लावला नाही. काढल्यावर ताट मेजावर ठेवलं आणि हात मांडीखाली दाबून बसले. शांता म्हणाली, "काय गो, थंडी वाजता?" दीड तास बसले. मग सुरी लावली. मोडल्या नाहीत.

पहिली वडी मी खाल्ली. रिकाम्या चौकटीखाली उभी राहून, सदाशिवच्या बायकोला साक्षी ठेवून. गेल्या वर्षीच्या घमेल्यात गेल्या, म्हणून पेरूच्या वडीची चव मला आत्ताच कळली. चांगली असते. हे तुला तेव्हा सांगायचं होतं.

मधल्या खिळ्याला यंदा काही बांधायचं नाही असं सदाशिवला सांगितलं. लोक विचारतील. विचारू देत, मी घरातच असेन.

डब्यात अकरा वड्या आहेत. बारावी माझ्या पोटात आहे. माटोळीचं मी खाल्लं, आधी खाल्लं, जाणून खाल्लं. तुझा तुकडा न जाणता होता. देवाला रागवायचं असेल तर त्याला इब्रामपूरचं घर ठाऊक आहे, तो दरसाल येतो. चंदगडला येऊन तुझ्या पोटावर रागावण्याचं त्याला काही कारण नाही.

तुझं वाचून झालं की हे पत्र प्रज्योतला दे. त्याच्या हातात नको म्हटलं ते लपवायला नव्हे. आधी तू वाचायला हवंस म्हणून. रविवारी त्याचा फोन आला तर आला. नाही आला तर मी समजेन त्याने वाचलं.

चवथीला ये असं लिहीत नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते मागितलं की माणसाला द्यावं लागतं. तू फक्त खा. एक रोज. दुसरं फळही खा. वड्या निवलेल्या आहेत, मी वाट बघितली आहे.

"पिकलेत तर वापरून टाक" म्हणणारी,
कमलाक्षी