दादाच्या डोक्यातली शांतता

४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू चीवर घेतलंस त्याला बावीस वर्षं झाली, तरी तुला भन्ते म्हणावं की दादा हे माझं ठरत नाही. आज दादाच.

आमच्या प्रयोगशाळेचा लेख छापायला घेतलाय. नोव्हेंबरात तुम्हा अकरा भिक्खूंच्या डोक्याला तारा लावून मेंदूचे आलेख काढले, त्यात तू एकटाच वेगळा निघालास. कानाशी मोठा आवाज केला तेव्हा बाकीचे दहाही दचकले, तुझी पापणीसुद्धा हलली नाही. कपाळामागे इतक्या संथ लाटा, तेही जागेपणी, आमच्या साहेबांनी कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्याहून सात वर्षांनी मोठा असून अंधारात जाताना माझा हात धरायचास, तो तूच ना?

आईला आलेखाची प्रत दिली. तिने ती पलंगाशेजारच्या भिंतीवर लावली आणि म्हणाली, एवढ्यासाठी गेला असेल तर गेला ते बरं झालं. हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

कसं जमलं ते सविस्तर लिही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
खारू


१९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र विहारातल्या थोरल्या स्थविरांना वाचून दाखवलं. ते हसले आणि भाजी निवडायला बसले.

कसं जमलं ते मलाच नीट सांगता येत नाही. बाबा गेले तेव्हापासून छातीत एक गोळा होता, आपणही असेच जाणार म्हणून. त्याच्यासमोर इतकी वर्षं बसलो. गेल्या पावसाळ्यातल्या वर्षावासात एक दिवस पाहतो तो गोळा नाहीच. पाठोपाठ इंद्रियंही आवरली गेली. परवा दूध करपलं, आवारभर वास सुटला, सगळे धावत आले. मी चुलीशीच बसलो होतो आणि मला पत्ता नाही. साबण असो की धूर, नाक आता कशाच्याच मागे जात नाही. शेजारच्या खाटेवरचे वृद्ध भिक्खू डिसेंबरात वारले, तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. सकाळी डोकं जरा धरतं, ते वयाचं.

तुम्ही मोजता, आम्ही बसतो. दोघांचं उत्तर एकच आलं याचा आनंद व्हायला हवा. पण हल्ली आनंदही फारसा हलवत नाही.

आईला जप. तुझं मंगल असो.

दादा


१ मार्च

दादा,
न. वि. वि.

पूर्ण मायना लिहायचा धीर होत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी वासाच्या ओळीशी अडकले. मग मूळ नोंद पुन्हा काढली.

आम्ही डाव्या-उजव्या बाजूची सरासरी काढतो, म्हणजे रेघ स्वच्छ येते. दोन्ही बाजू वेगळ्या करून पाहिल्या तर तुझ्या संथ लाटा जवळजवळ सगळ्या उजवीकडे आहेत. शांतता अशी एकाच बाजूला साठत नाही, दादा. दुसऱ्या कुणाचा आलेख असता तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडला असता. तुझं चीवर पाहिलं आणि अर्थ लावून मोकळी झाले. चार महिने तो माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. मला स्वतःची लाज वाटते.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या जागी गाठ वाढली की वास जातो, भीती जाते, रडू जातं. मग नजर जाते. मिळेल त्या गाडीने निघून ये.

खारू


९ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

परवा निघतो. त्याआधी डॉक्टरीणबाईंना एक विचारून ठेव. गाठ काढली की भीती परत येईल का?

मन हा सगळा कारणांचा खेळ आहे, त्यात माझं असं काही नाही, हे मी इतकी वर्षं शिकवत आलो. तुझं यंत्रही तेच म्हणतंय. फक्त कारण भलतंच निघालं. शिकवण खरी ठरली आणि मी खोटा, अशी गंमत आहे. पण खारू, एवढ्या वर्षांत हाती लागलं होतं ते एवढंच.

लेख मागे घे. त्यात माझ्यासाठी थांबू नकोस.

दादा


२० मे

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तू विहारात परतलास त्याला महिना होत आला आणि तुझी एक ओळ नाही. गाठ साधी होती, पुरती निघाली, सगळे म्हणतात थोडक्यात वाचलास. मग गप्प का?

लेख मागे घेतला. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात, ते चालायचंच. आईला ऑपरेशनचं ठाऊक आहे, आलेखात दिसली ती गाठच होती हे नाही. तो अजून भिंतीवर आहे. काढू का, ते तूच सांग. माझी हिंमत होत नाही.

रागावला असशील तर रागाचं पत्र लिही, पण लिही.

तुझी,
खारू


२ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

वास परत आला नाही. भीती आली.

गेल्या मंगळवारी स्वयंपाकघरात ताटं पडली आणि मी ओरडलो. नव्याने आलेले भिक्खू बघतच राहिले, कारण त्यांना माझंच उदाहरण दिलं जायचं. मग त्या वारलेल्या सोबत्याच्या रिकाम्या खाटेवर बसून ढसाढसा रडलो, सहा महिने उशिरा.

आईचा कागद राहू दे. त्याच्या आधाराने तिने मला माफ केलंय, तिच्याकडून ते काढून घेऊ नये. हे खोटं माझ्या खाती घाल.

स्थविरांना विचारलं, आता काय करू. म्हणाले, बैस. पहिल्या दिवशीही हेच म्हणाले होते. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आता अठ्ठेचाळीसचा आहे. बसतो. गोळा जागेवर आहे. बसून बसून तो तसूभर तरी कमी झाला होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गाठीच्या आधीची नोंद तुझ्याकडे नाही आणि माझ्या आठवणीवर माझा विश्वास उरलेला नाही.

तुझ्यावर राग नाही. तू माझा जीव वाचवलास, हे मला कळतं. फक्त सकाळी डोळे उघडल्यावर ते लगेच आठवत नाही.

तुझा,
दादा