उजव्या बाजूचं माउंटिंग

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि कोलशेतला आपलं गॅरेज होतं तिथे आता उंच इमारत उभी आहे, तेव्हा हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. सातवीपर्यंतच शिकलोय, चुका पोटात घाला.

गेल्या महिन्यात सूनबाई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी जुन्नरला निघाली होती. माळशेजच्या घाटातून, पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत. मला आठवडाभर झोप नाही. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, हे मी चार वेळा सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला लिफ्टही पडेल असं वाटतं, पंखाही पडेल असं वाटतं. गाडीचं सर्व्हिसिंग परवाच झालंय." शेवटी शनिवारी सकाळी सूनबाईच किल्ली घेऊन आली. "चला, एकदाचं बघून टाकू. नाहीतर घाटात तुमचे वीस फोन येतील."

मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंगं आपल्या वेळच्या गाड्यांत पटकन हाताला लागायची, आता सगळं झाकलेलं. एक उजवीकडे इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला सापडलं, दुसरं बॅटरीखाली, तिसरं मागे खोल, टॉर्च मारल्यावर दिसलं. मी गाडीसमोर उभा होतो तो एकदम बाजूला झालो. डोळ्यांसमोर आपलं जुनं गॅरेज आलं, तुम्ही माझी कॉलर धरून ओढताय. माझं लग्न होऊन महिना झालाय आणि तुम्ही सगळ्या गॅरेजसमोर विचारताय, "गाडी अंगावर सुटली तर तुझ्या बायकोला काय सांगू? नवरा इंजिन बघत होता?" त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तुम्हीच गरम भजी आणलीत आणि माझ्यासमोर ठेवून गेलात.

सूनबाईने हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला.

"क्लच किती सोडू?"

"अर्धा. अर्ध्याचाही अर्धा."

"मग पाव म्हणा ना, बाबा."

तिने पाव सोडला. इंजिन थोडं हलणारच, लोखंड लोखंडाला लागता कामा नये, असं तुम्ही म्हणायचात. इथे उजवी बाजू दोन बोटं उचलली गेली आणि ठक्कन खाली बसली. इंजिन बंद करायला लावून मी टॉर्च मारला. रबर लोखंडापासून सुटलं होतं, फटीतून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. सूनबाईने वाकून पाहिलं आणि वर घरी नवऱ्याला फोन लावला, "खाली ये. येताना बाबांची माफी मागतच ये."

माउंटिंग बदललं. ती दोन दिवस उशिरा निघाली आणि नीट पोचली. मी फोन फक्त सहा केले.

आता मुलगा सोसायटीत सांगत फिरतो की आमच्या बाबांचे कान अजून पक्क्या मेकॅनिकचे आहेत. मी नुसती मान हलवतो. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, ऐकू मला काहीच आलं नव्हतं. डावा कान तर कधीच गेला. सिग्नलला गाडी उभी राहिली की माझी कवळी हिरड्यांवर नाचायची, त्यावरून कळलं. घरी बोललो तर उद्याच कानाच्या डॉक्टरकडे नेतील. म्हणून हा कागद कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवतोय.