पंगतीचा श्लोक

यवतमाळ,
३० नोव्हेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल फोन केला तर विमलने उचलला. मागे तुझा खोकला ऐकू आला, म्हणून म्हटलं त्याला दे. तर ती म्हणाली, ते मान हलवून नाही म्हणतात. उन्हाळ्यात नागपूरला जबड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तू सख्ख्या बहिणीशीही फोनवर बोलत नाहीस. बरं बाबा, मी पत्र लिहिते. हात तर शाबूत आहे ना तुझा? मग उत्तर आलं पाहिजे.

इथे थंडी चांगलीच पडली आहे. मैदानावर प्रदर्शन लागलं, उंच पाळणा आला, तिबेटी लोकांची स्वेटरांची दुकानं रस्त्याला लागली. गौरी रोज कामावरून येताना मुगाची भजी आणते आणि सासूला वजन कमी करायला सांगते. अशी सून शोधून मिळायची नाही. तिच्या नवऱ्याने, आपल्या श्रेयसने, संगीत मंडळाच्या दर महिन्याच्या सभेची आपली नेहमीची जागा धरून ठेवली आहे. आणि १५ तारखेच्या रविवारी लोहाऱ्याच्या पुढे विठ्ठलरावांच्या शेतात रोडगे ठरले आहेत. कणकेचे गोळे भाजायला त्यांनी गोवऱ्या आत्ताच रचून ठेवल्या. तुरीला शेंगा लागल्या आहेत, वांगी तर विचारू नकोस.

तू आणि विमल शनिवारीच या. तुझ्याशिवाय रोडगे झाले आहेत का कधी?

तब्येतीला जपून राहा, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दारव्हा,
४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दारव्ह्यात इतक्या दिवसांनी कोणाचं पत्र आलं म्हणून पोस्टमनने स्वतः दोनदा पाहिलं.

रोडग्याचं नाव वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. तसंही जात नाहीच. तोंड दोन बोटं उघडतं. वरणभात कालवून पातळ केला तरी डाव्या बाजूने ओघळतो, आणि तो ओघळलेला मला कळत नाही, कारण तिथे आता काही जाणवत नाही. विमल रुमाल घेऊन शेजारी बसते. मी भिंतीकडे तोंड करून जेवतो. खर्‍याबद्दल, त्या तंबाखू-सुपारीच्या व्यसनाबद्दल, काही लिहू नकोस. तू जन्मभर कानीकपाळी ओरडलीस, मी ऐकलं नाही, आता भोगून राह्यलो.

बोलण्याचं तर विचारूच नको. शाळेत शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जात होता. आता दूधवाला माझं बोलणं ऐकतो, हसतो, आणि अर्थ विचारायला विमलकडे पाहतो. म्हणून फोन नको.

गाणं ऐकायला येईन. मागच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसलं की कोणाला काही कळत नाही. रोडग्याला तुम्ही जा. आलोच तर मले पंगतीत बसवू नको. श्लोक यंदा श्रेयसला म्हणू दे.

थोरांनी धाकट्यावर करावी तेवढी माया असू दे.

तुझा,
यज्ञेश्वर

यवतमाळ,
९ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला वाटतं तसंच करू. रोडग्याला ये मात्र जरूर, शेतात मोकळ्या हवेत बरं वाटेल. विठ्ठलरावांच्या विहिरीजवळ मोटारीची खोली आहे ना, ती गड्याला झाडून घ्यायला सांगितली. तिथे तुझं पान मांडते. मऊ भात आणि वरण घरून डब्यात आणते. दार लोटून घे, म्हणजे कोणी डोकावणार नाही. श्लोक श्रेयस म्हणेल. तो आठवड्यापासून आंघोळ करताना घोकून राह्यला आहे, सगळी बिल्डिंग पाठ म्हणू शकेल.

कोणी काही विचारणार नाही, तू आलास हे बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही असं मी घरच्या सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. तू फक्त ये.

काळजी करत असते, तेवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

दारव्हा,
१७ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
नमस्कार.

रात्रीच्या सभेला न थांबता, तुला न सांगता निघून आलो. तुला राग आला असेल. येऊ दे, मलाही आला आहे.

त्या खोलीत मी बसलो होतो. डिझेलचा वास, एका कोपऱ्यात फवारणीचा पंप, समोर माझा डबा. बाहेर गोवऱ्यांचा जगरा विझत आला होता. राखेतून रोडगे काढून फडक्यावर आपटत होते, तो आवाज येत होता. तुपाचा वास दाराच्या फटीतून आत आला. मग श्रेयसने श्लोक म्हटला. दुसऱ्या ओळीला अडखळला, कोणी तरी हसलं, आणि सगळ्यांनी एकदम महादेवाचा गजर केला. तीस वर्षं तो गजर माझ्या तोंडाकडे पाहत थांबायचा. मी डबा उघडलाच नाही.

विठ्ठलराव बाहेर कोणाला तरी विचारत होते की मास्तर काहून नाही आले. घरचं कोणी सांगेना, कारण तू सगळ्यांना बजावलं होतंस. वीस पावलांवर मी बसलेलो, आणि माझ्या मित्राला मी आलो आहे हेच माहीत नाही!

मीच लिहिलं होतं पंगतीत बसवू नको म्हणून. हो, लिहिलं होतं. पण ताई, लहानपणापासून तू माझं एक तरी ऐकलंस का? शाळा बदलायची नाही म्हटलं, बदललीस. विमलला पाहायला जायचं नाही म्हटलं, हात धरून नेलंस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, ते कायले ऐकलंस?

यज्ञेश्वर

यवतमाळ,
२३ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन दिवस झाले, पत्र लिहायला बसते आणि उठते. तुला राग आला ते बरोबर आहे.

खरं सांगते, खोली मी तुझ्यासाठी मांडली नव्हती, माझ्यासाठी मांडली होती. दवाखान्यात तू पट्ट्या काढल्यावर पहिल्यांदा पाणी प्यायलास आणि सगळं सदऱ्यावर सांडलं, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन रडले. वाटलं, पंगतीत तुला पाहून तसंच रडू फुटलं तर तू भरल्या पानावरून उठून जाशील. म्हणून तुझ्या बोलण्याचा आधार घेतला. तू नको म्हणालास आणि मला सुटल्यासारखं झालं. बहिणीने असं करू नये.

विठ्ठलरावांना मी तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, मास्तरले माझ्या वावरात माझ्यापासून लपवलं? मला तोंड वर करता आलं नाही.

आता ऐक. पौषात १२ जानेवारीच्या रविवारी पुन्हा रोडगे आहेत, आणि रात्री मंडळाची सभाही. गोवऱ्या विठ्ठलरावांच्या, वांगी त्यांची, बोलावणं त्यांचं. मोटारीच्या खोलीला त्यांनी कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. तुझं पान पंगतीच्या टोकाला, जिथे असतं तिथेच असेल. श्लोक तू म्हणायचा. तू म्हणत नाहीस तोवर कोणी घासाला हात लावणार नाही, हे विठ्ठलरावांनी ठरवलं आहे. मी रडले तर रडले. तू सांडलंस तर सांडलंस. हे तुला विचारत नाहीये. विमलला फोन करून गाडीची वेळही ठरवली.

पुन्हा कधी तुझं ऐकणार नाही, असा आशीर्वाद घे.

तुझी,
ताई

दारव्हा,
१४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सभेतला तो म्हातारा गवई अजून कानात आहे. गौरीने दिलेली संत्री विमलने शेजारी वाटून टाकली, मला रस काढून दिला.

शेतात तू माझ्या समोरच्या ओळीत होतीस, पण मान खाली घालून, म्हणून तुला सगळं दिसलं नसेल. मी उभा राहिलो. पहिला शब्द निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. वाटलं, खाली बसावं. पण सगळ्यांचे हात मांडीवर होते. पत्रावळीवर रोडगे निवत होते, तूप थिजत होतं, आणि एकानेही पानाकडे पाहिलं नाही. मग मी म्हटला. अडखळत म्हटला, मध्ये दोनदा रुमाल लावला, पण पुरता म्हटला. कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. तरी शेवट कुठे झाला ते बरोबर कळलं सगळ्यांना, आणि गजर असा झाला की तुरीतली पाखरं उडाली.

विठ्ठलरावांनी माझा रोडगा स्वतः कुस्करला, वरणात भिजवला, वरून तूप ओतलं आणि म्हणाले, मास्तर, हळूहळू होऊ द्या, आम्हाले काही घाई नाही. अर्धा खाल्ला. बराचसा सांडला. चव फक्त उजवीकडे लागते, पण लागली, ताई.

तू रडत होतीस ते मी पाहिलं. मी उठून गेलो नाही.

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस. हे पत्र पोचलं की फोन कर, आणि विमलशी बोलत बसू नकोस, मला दे म्हण. मी बोलणार आहे. कळेल तेवढं कळेल.

तुझा,
यज्ञेश्वर