देवीच्या सन्मानार्थ देवीच लॉकरमध्ये

दि. २ एप्रिल २०२६

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
विशेष सुट्टी कक्ष (नांदेड-लातूर),
नांदेड.

विषय : सोमवार, दि. १३ एप्रिल रोजी थेरसांगवी येथील बँक शाखा सकाळी व सायंकाळी अर्धा तास उघडण्याबाबत.

संदर्भ : १) आपला विशेष बँक सुट्टीचा आदेश. २) माझा पहिला अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

१. श्री सांगवाई देवीच्या यात्रेनिमित्त आपण थेरसांगवी (ता. शिरूर अनंतपाळ) येथील बँकेला विशेष सुट्टी जाहीर केली. देवीचा चांदीचा मुखवटा याच बँकेच्या लॉकरमध्ये असतो. यात्रेच्या सकाळी तो काढून पालखीत बसवतात आणि सायंकाळी परत ठेवतात. म्हणजे देवीच्या सन्मानार्थ आपण देवीलाच कोंडले आहे. पहिल्या अर्जात हेच लिहिले होते. तो कोणी वाचला असावा, असे आपल्या उत्तरावरून वाटत नाही.

२. मुखवटा बँकेत का, असे आपण विचारता. गावात वरची आणि खालची अशा दोन गल्ल्या आहेत. मुखवटा आदल्या रात्री ज्या गल्लीत राहील, तिला पालखीचा पहिला मान, असा रिवाज होता. त्यावरून इतकी डोकी फुटली की शेवटी मुखवटा बँकेत ठेवला, कारण बँक कोणत्याच गल्लीची नाही. लॉकरची आमची चावी माझ्याकडे असते, कारण मी माहेरची नांदेडची, शाळेत विज्ञान शिकवणारी, दोन्ही गल्ल्यांना सारखीच परकी. त्यामुळे 'शुक्रवारीच काढून ठेवा' ही आपली सूचना निरुपयोगी आहे. दुसरा शनिवार आणि रविवार असल्याने तेव्हाही बँक बंद आहे. तेवढ्या रात्री मुखवटा ज्या घरी राहील, त्या घरावर दगड येतील.

३. आपली दुसरी सूचना अशी की, सुट्टीच्या दिवशी ग्राहकांनी एटीएम व मोबाइल ॲपचा वापर करावा. मुखवटा सुपाएवढा आहे. तो एटीएमच्या फटीतून येणार नाही. घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो, हे मी सहावीच्या वर्गात शिकवते. आपल्या सोयीसाठी मुखवट्याशेजारी फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे.

४. सुट्टी गावानेच मागितली, असे आपण लिहिता. ते खरे आहे. शेजारच्या गावच्या जत्रेला सुट्टी मिळाली, मग आपल्या देवीला का नाही, एवढाच मुद्दा होता. दोन्ही गल्ल्यांचे आजवर एकमत झाले ते याच एका ठरावावर. विरोध फक्त माझा होता, आणि मला नास्तिक ठरवून तो निकालात काढला गेला. पण मूर्खपणा एकमताने झाला म्हणून तो मंजूर करणे आपल्याला बंधनकारक नव्हते. मागणी तपासण्यासाठी आपला कक्ष असतो, असा माझा समज होता.

५. शाखा व्यवस्थापक रविकिरण म्हणतात, "मॅडम, सुट्टीत शटर उघडलं तर माझीच चौकशी लागंल. आन् त्या दिवशी मी तर यात्रेलाच येऊन राहिलो ना." वरच्या गल्लीचे संगप्पा पारावर सांगतात, "मास्तरीणबाई खालच्यांना मिळाल्यात. मुद्दाम चावी दाबून बसल्यात." खालच्या गल्लीत हेच वाक्य गल्ली बदलून ऐकू येते. दोन्ही गल्ल्यांचे हे दुसरे एकमत. सोमवारी पालखी रिकामी दिसली तर दगड कोणाच्या घरावर येतील, हे आता वेगळे सांगायला नको. माझे घर दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध आहे.

६. तरी व्यवस्थापकांना शाखा उघडण्याची लेखी परवानगी द्यावी. एक ओळ पुरेशी आहे. तीही जमत नसेल, तर माझ्या एका प्रश्नाचे उत्तर तरी द्यावे. सुट्टीबद्दल आभार म्हणून आमच्या यात्रा समितीने पहिल्या आरतीचा मान आपल्याला दिला आहे आणि आपण तो स्वीकारला आहे. त्या सकाळी देवळात रिकामी पालखी असेल आणि देवी शटरच्या आत. मी चावी घेऊन शटरपाशी उभी असेन. आरतीचे ताट आपल्यासाठी कुठे ठेवायचे?

उत्तर लेखी अपेक्षित आहे.

अर्जदार,
(सही)
मनस्विनी उद्धव बिराजदार
सचिव, यात्रा समिती, थेरसांगवी

सोबत :
१) मुखवट्याचा फोटो, फूटपट्टीसह.
२) आपल्या नावाची निमंत्रणपत्रिका. आरतीची वेळ छापली आहे, ठिकाण कोरे ठेवले आहे.