दोनशे ऐंशी पूर्ण झाली

प्रिय हान-ग्योल,

हे वाचताना तुझ्या हातात बंदूक नसेल आणि तू पहाऱ्यावर नसशील, एवढी खात्री मी करून घेतली आहे. बापाचं पत्र आलेलं बघून तू आधी हसशील. हस बाबा. फोनवर मला बोलताच येत नाही त्याला मी काय करू? तुझा फोन आला की आई मला खेटून बसते आणि मी नुसता घसा खाकरला तरी तिचं कोपर माझ्या बरगडीत बसतं. मग मी विचारतो, बूट चावतात का, भात बरा मिळतो का. वसंतापासून आपण दोघं तुझ्या बुटांशिवाय दुसऱ्या कशावर बोललेलोच नाही.

बातमी अशी की तुझ्या बापानं दोनशे ऐंशी किलोमीटरची डोंगरफेरी सायकलवर पूर्ण केली. खरंच. छत्तीस तासांच्या आत, सगळे जंगलरस्ते, सगळे चढ, कुणाच्या गाडीत न बसता. दरवेळी अर्ध्यावर सोडतो म्हणून आपल्या सायकलगटात माझं नाव ‘अर्धा प्यो’ पडलं होतं ते आता पुसायला हरकत नाही. तुला आनंद झाला असेल. मला झाला नाही. का ते सांगायचं तर मला पायथ्यापासूनच चढत यावं लागेल. मधूनच उडी मारून सांगायला जमत नाही मला, आणि तूही शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस.

माझ्या आधीच्या फेऱ्या तुला पाठच आहेत. पहिल्या वर्षी चेन तुटली. दुसऱ्या वर्षी पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून रस्त्याकडेला आडवा झालो तो ऊन डोक्यावर आल्यावर उठलो, अंगावरून मुंग्यांची वरात चाललेली. मग त्या पावसाच्या वर्षी चाकात एवढा चिखल बसला की सायकल खांद्यावर घेऊन मीच तिला डोंगर दाखवून आणला. दरवेळी कुठल्या तरी थांब्यावर दोक-बे काकाची मदतीची गाडी उभी असायची आणि तिच्यामागे गॅसची शेगडी पेटवून तुझी आई. मी लंगडत आलो की समुद्री शेवाळाच्या सुपाचा वाडगा हातात कोंबायची, पाठीत बर्फाची पिशवी सरकवायची आणि चारचौघांत सुरू व्हायची. अहो हान-ग्योलचे बाबा, ढकलतच न्यायची होती तर सायकल कशाला घेतलीत? गाय घ्यायची, निदान दूध तरी दिलं असतं. सगळे पोट धरून हसायचे. ती चिडवत नसती तर मी दुसऱ्या वर्षीच सायकल विकून टाकली असती. चिडवून चिडवूनच तिनं मला एवढी वर्षं चढावर ठेवलं.

यंदा वसंतात आपल्या गटानं नेहमीसारखी डोंगराची पूजा केली. सायकली गोल मांडल्या, मधे टेबलावर डुकराचं मुंडकं, फळं, तांदळाची दारू. आमची तांदळाच्या पिठाची त्तोक मी पहाटे आपल्या गिरणीत वाफवून नेली होती. तिथं प्रत्येकानं वाकून एवढंच मागायचं असतं, की यंदा सगळ्यांची चाकं सुखरूप घरी येऊ देत. स्वतःसाठी काही मागायचं नाही हा जुना नियम, म्हातारे त्या बाबतीत फार कडक. मी वाकलो आणि चाकांचा विषयच काढला नाही. मी म्हटलं, डोंगरबाबा, यंदा मी दोनशे ऐंशी पूर्ण करतो, मेलो तरी उतरत नाही. बदल्यात तिला ठेव. एवढं बोललो आणि उठायलाच विसरलो. दोक-बेनं कॉलर धरून उभं केलं, म्हणाला, प्यो, झोप लागली का रे तिथंच?

तिला म्हणजे तुझ्या आईला. तू भरती झालास त्या हिवाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. गिरणीत उभं राहून राहून दुखतंय म्हणायची. नववर्षाचा सण झाला आणि वोन्जूच्या दवाखान्यात नेली तर स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. एप्रिलमध्ये तू रजेवर आलास, तिच्या नव्या केसांना बघून म्हणालास, आई, तू तर कॉलेजातली पोरगी दिसतेस. तो टोप होता रे. त्या रात्री तू झोपल्यावर तिनं तो काढून मांडीवर घेतला आणि तुझं ते वाक्य मला चारदा ऐकवलं. मी म्हटलं, आता तरी सांगूया. तर डोळे वटारले. पोरगा सीमेवर पहाऱ्याला उभा असतो, हातात भरलेली बंदूक असते, त्याच्या डोक्यात हे घालायचं? सुटून घरी येऊ दे, मग सांगू. तुमच्या तोंडून एक शब्द गेला तर माझ्या मयताला येऊ नका. अशी शपथ घातली. आपल्याकडे सगळे असंच करतात, तुझ्या आजोबांच्या आजारपणात मलाही परीक्षा संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मीही मान डोलावली.

मी फेरीला जाणार नाही म्हटलं तर तिनं बोलणं टाकलं. नवसाचं तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, एकदा तरी शेवटपर्यंत जा, मला बघायचंय. दोक-बेच्या गाडीत मागचं बाक काढून गोधड्या अंथरल्या आणि तिला निजवून आणली. पहिल्या दिवशी दुपारच्या थांब्यावर ती होती. शेगडीपाशी तिला उभं राहवत नव्हतं, वाडगा दोक-बेच्या बायकोनं, यंग-जा वहिनींनी भरला, पण माझ्या हातात दिला तिनंच. मी तिच्याकडे बघत बसलो तर म्हणाली, घड्याळ बघा, माझ्याकडे काय बघताय, मी काय पळून चाललेय? मी खडीच्या चढाला लागलो. त्या चढावर मला काही दुखलं नाही. डोंगर कबूल झालाय असं वाटायला लागलं होतं.

पुढच्या थांब्यावर गाडीच्या काचेला आतून पडदा होता. वहिनी म्हणाल्या, झोपलीय हो, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका. सूप गरम होतं. मी काचेपाशी गेलो आणि हळूच बोलत राहिलो. नवसाचं सांगून टाकलं. म्हटलं, अर्ध्याच्या पुढे आलोय बायको, आता तूही मागे हटू नकोस. आणखी काय काय बोललो ते तुला सांगत नाही, नवराबायकोचं होतं ते. मग मी निघालो. पाऊस भुरभुरत होता, उतारावर दोनदा आपटलो, गुडघा फुटला, ब्रेकच्या मुठीवर बोटं वळेनात. पण उतरलो नाही. दरवेळी जिथं मी हार मानून गाडीत बसायचो, त्या वळणावरून मी मोठ्यानं रडत पुढे गेलो, लाज सोडून.

शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा वेळ शिल्लक होता. आपल्या गटात पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याच्या डोक्यावर दारूची बाटली रिकामी करतात, तुला माहीतच आहे. सगळे उभे होते. कुणी बाटली उघडली नाही. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि थांबले. दोक-बे माझ्या बुटांकडे बघत होता. मी विचारलं, कुठाय ती? तो म्हणाला, वोन्जूला. कधी नेली? काल. तू खडीच्या चढाला लागलास आणि तिला रक्ताची उलटी झाली. म्हणजे पडद्यामागे नुसत्या गोधड्या होत्या. माझं सगळं बोलणं मी गोधड्यांना ऐकवलं होतं. मी दोक-बेच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही. म्हणाला, मार अजून, पण तुझ्या बायकोनंच बजावलं होतं, अँब्युलन्समध्ये चढवताना माझी बाही धरून, की चालत्या माणसाला अडवायचं नाही, त्यांना पोचू द्या. तिथं एकालाही वाटलं नाही की हे चुकतंय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पडदाच ओढला असता, तेच मला जास्त झोंबतंय.

मी डोंगरात सायकलवर होतो त्या रात्री ती शुद्धीवर होती. नर्स म्हणाली, सारखं विचारत होत्या, पोचले का, पोचले का. पहाटेपर्यंत बोलत होत्या. मी चिखलानं भरलेला, सायकलचे बूट टकटक वाजवत तिच्या खाटेशी गेलो तेव्हा बोलणं संपलं होतं. आता सकाळी थोडा वेळ डोळे उघडते, माणूस ओळखते, ओठ हलवते, मग पुन्हा गुंगीत जाते. डॉक्टरांनी हात टेकलेत, दिवस मोजायला सांगितलेत, आठवडे नाही. डोंगरानं माझ्याकडून सगळं वसूल केलं आणि मला काहीच दिलं नाही. दोष तरी कुणाला देऊ, नियम मीच मोडला होता. गिरणी बंद आहे, सायकल चिखलासकट दारात पडलीय, उचलावीशी वाटत नाही. मला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही रे. पन्नाशी उलटलेल्या बापानं पोराला असं लिहू नये, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तुला तुझ्या साहेबांनी नुसतं घरी जा म्हटलं असेल, कारण मीच तसं विनवलं होतं. त्यांना सगळं माहीत आहे. तू आता दोक-बे काकाच्या गाडीत आहेस आणि तो एक अक्षर बोलत नाहीये, तेही मीच सांगितलंय. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होतं, आणि माझ्या तोंडून तर ते निघतच नव्हतं, तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. गाडी घराकडे वळणार नाही, सरळ वोन्जूला जाईल. मी तिची शपथ मोडली. माझ्यासमोर जो पडदा ओढला होता तो मी तुझ्यासमोर ओढणार नाही, मग ती मला मयताला येऊ देवो न देवो. आई अजून आहे, पोरा. कपडे बदलायला थांबू नकोस, गणवेशातच आत ये. आणि माझं एक ऐक. तिनं विचारलं तर मी कळवलं असं सांगू नकोस. म्हण, नेमबाजीत पहिला आलो, बक्षिसाची रजा मिळाली. तुझा नेम कसा आहे ते तिला चांगलं ठाऊक आहे, ती विश्वास ठेवणार नाही. तरी तसंच म्हण.

खाटेशी तुझी वाट बघणारा,
तुझाच बाबा