पॅनेलवरची साडी

बुधवार, संध्याकाळ, लालबाग

उजेड कमी झाला तरी सौर पंपाच्या इन्व्हर्टरने पंप बंद करू नये, हळू का होईना चालवावा, एवढंच माझं काम. म्हणून आठवडाभर गच्चीत पॅनेलवर आईची जुनी सुती साडी पसरून चाचणी घेत होते. साडी दुहेरी केली तरी पिंपात पाणी पडायचं. केवढी खूश होते मी!

आज साडी काढली, आणि समोरच्या टॉवरची सावली पॅनेलवर चढली. अर्धं पॅनेल लख्ख उन्हात, तरी इन्व्हर्टरने हात टेकले. साडीची सावली सगळीकडे सारखी असते. खरी सावली अशी पडते का कधी? हे मला आधी का सुचलं नाही?

सोमवारी पंप डोंगराखालच्या पाड्यावर बसवायचाय. तिथल्या बायका पाणी भरायला येतात तेव्हाच डोंगराची सावली उतरते.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. सावली आली तशी चटई ओढून पुढे सरकली.

"थांबला का गं तुझा पंप?"

"सावली आली ना."

"आली तर आली. माझ्या मांडीवर अजून ऊन आहे की."

साडी घडी घालून तिला परत दिली. उद्या पुठ्ठा लावून अर्धंच पॅनेल झाकायचं.