घंगाळातलं खारं पाणी

मी महादेवप्पा शिवलिंगप्पा हालकुडे, वय ७४, राहणार मुरुड, जिल्हा लातूर, धंदा तांब्या-पितळेची भांडी, शाळा चौथीपर्यंत, लिहून ठेवतो ते असं. डोकं ठिकाणावर हाय. कुणी दम देऊन लिहून घेत न्हाई. वकिलानं चार पानांचा मायना सांगितला. म्हणलं, एवढ्यात माणूस मरतंय. माझं मीच लिहून राहिलो.

१. दुकान, त्यातला माल, तराजू, हातोड्या माझी लेक उज्वला हिला. ती नांदेडला राहती. विकंल, तर विकू द्या. जावयानं दुकानात माझा फोटो लावू नये.

२. दुकानावरल्या दोन खोल्या माझी सून सुकन्या हिला. उज्वला, तोंड वाकडं करायचं न्हाई. का दिल्या ते खाली हाय.

३. माझा मुलगा उमाशंकर याला लातूरला शोभेच्या माशांचं दुकान टाकायचं होतं. हात बसावा म्हणून त्यानं घरातच समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी मांडली. लिंगायताच्या घरात मासे! गल्लीतले विचारायचे, "आप्पा, तळायचे कवा?" गेल्या साली जानेवारीत उमाशंकर ट्रकखाली गेला. टाकी सुकन्यानं धरली. जारच्या पाण्यात पुड्यातलं समुद्राचं मीठ कालवायची. लाइट गेली, मोटर थांबली, की मगानं पाणी ढवळत उभी राहायची, दोन-दोन तास.

पाणी ती प्लास्टिकच्या टबात कालवायची. मला प्लास्टिक खपत न्हाई. दिवाळीत माझ्या मायचं तांब्याचं घंगाळ काढून दिलं. ती म्हणली, "मामा, ह्यांनी प्लास्टिकच सांगितलं होतं."

"भांड्यातलं मला शिकवती का?"

तिनं टब उचलून माळ्यावर टाकला.

पंधरा दिवसांत लाल झिंगा उताणा पडला. मग नारंगी मासे काळपट झाले, धापा टाकू लागले. उमाशंकरचा लाडका पिवळा होता, हळदीगत. तो पांढरट पडला. उमाशंकरनं माशांची दुखणी एका वहीत उतरवली होती, सुकन्या ती उघडून टाकीपुढं बसायची. "अंगावर रव्यागत दाणे न्हाईत, मामा. सोनेरी भुकटी न्हाई. डोक्याला खड्डे न्हाईत. मग रंग का चाललाय?" मी म्हणायचो, तुझं ध्यान न्हाई म्हणून.

उमाशंकरच्या वर्षाला भावकी जमली, वीस-बावीस माणसं. त्या दिवशी दोन मासे तरंगत होते. मी सगळ्यांपुढं म्हणलं, "नवरा खाल्लास, आता त्याचे मासे खा."

पिशवी भरून ती हिमायतनगरला माहेरी गेली.

ती गेली तरी मासे मरतच राहिले. आता मीच पाणी कालवत होतो, त्याच घंगाळात. शेवटी लातूरच्या मासेवाल्याला फोन लावला. तो म्हणला, "आधी कोण मेलं?" झिंगा. "पाणी कशात कालवता?" सांगितलं. तो म्हणला, "आप्पा, तांबं औषध म्हणून घालतेत, पण थेंब मोजून, अन् वेगळ्या टाकीत. झिंग्याला तर थेंबबी सोसत न्हाई. तुम्ही दर आठवड्याला घालून राहिलात."

चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगितलं की आंबट-खारट कलईबिगर ठेवू नका, हिरवं चढतं, विष होतं. घंगाळाला कलई नव्हती. अंघोळीच्या भांड्याला कुणी करत न्हाई. लोणचं असतं तर मी ओरडलो असतो. पाणी होतं, म्हणून डोक्यात आलं न्हाई.

सबब सुकन्याची काही चूक न्हाई. मासे मी मारले. हे कलम त्याच भावकीला बोलावून मोठ्यानं वाचावं. एकबी माणूस सोडू नये. चहा नंतर द्यावा.

४. घंगाळ मोडीत घालावं. मायची आठवण म्हणून कुणी ठेवू नये.

५. उमाशंकरची वही सुकन्याला. त्यात त्यानं लिहिलंय की सकाळी टाकीचा दिवा लावल्या लावल्या मासा फिका दिसतो, ते दुखणं नव्हं, अर्ध्या तासात रंग भरतो. मी रोज सकाळी अर्धा तास पिवळ्यापुढं बसलो. रंग भरला न्हाई. शेवटच्या पानावर मी एक ओळ घातलीय, 'आधी भांडं बघ.' अक्षर वाईट हाय, पण खोडू नये.

६. साक्षीदार भुजंग इथवर वाचून म्हणला, "आप्पा, मेल्यावर कशाला? जितेपणी सांगा की. हा लावा फोन." लावला. सुकन्यानं पहिलंच विचारलं, "मामा, पिवळा खातोय का?"

म्हणलं, "खातोय."

अन् फोन ठेवला. भुजंगाला म्हणलं, तू सही कर.

पिवळा फोनाच्या आधीच, होळीच्या आदल्या दिवशी गेला होता. टाकीत आता कुणी न्हाई. मोटर चालू हाय. बटण माझ्यानं दाबवलं न्हाई. ते सुकन्यानं दाबावं. ती येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई, मग लाइटबिल कितीबी येऊ दे.

वर लिहिलं ते माझ्या हातचं हाय, पुन्हा वाचलं, त्यात बदल न्हाई.

सही : महादेवप्पा शिवलिंगप्पा हालकुडे

साक्षीदार :
१) भुजंग माणिकराव ढोबळे, मुरुड (फोन माझ्यासमोर झाला.)
२) रविकांत बसवणप्पा हालकुडे, मुरुड (वर्षाला मी हजर होतो. मी पण गप बसलो.)

ठिकाण : मुरुड
तारीख : १८ मार्च २०२५